इंजिनाला आपले नाव देणारा माणूस

(ट्रक, ट्रॅक्टर आणि जहाजे चालवणारे इंजिन ज्याच्या नावाने ओळखले जाते, त्या रुडॉल्फ डिझेल या संशोधकाचे चरित्र या पाठात सांगितले आहे. बिघडलेल्या इंजिनातील दोष कसा शोधतात, हेही या पाठातून समजते.)

विद्यार्थी मित्रांनो, गॅरेजसमोर उभी असलेली एखादी जुनी डिझेल पिकअप गाडी तुम्ही नक्कीच पाहिली असेल. गाडी जागेवर उभी आहे, इंजिन चालू आहे. पण सारी गाडी थंडी वाजून ताप आलेल्या माणसासारखी थरथरत आहे. आरसा हलतो, दारे खडखडतात, गिअरची दांडी डोलते. ड्रायव्हरने ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की थरथर कमी होते. पाय उचलला की ती पुन्हा सुरू होते. गाडी मिसिंग करते, अशी ड्रायव्हरची तक्रार असते.

मग गॅरेजचे उस्ताद हातात पाना घेऊन इंजिनावर वाकतात. ते एका बारीक नळीचा नट किंचित सैल करतात, कान देऊन ऐकतात आणि नट पुन्हा घट्ट करतात. मग दुसऱ्या नळीचा नट सैल करतात. दोन्ही वेळा इंजिनाचा आवाज बदलतो. तिसऱ्या नळीचा नट सैल केला, तरी आवाजात काहीच फरक पडत नाही. उस्ताद मान हलवतात. दोष कुठे आहे, ते त्यांना कळलेले असते.

उस्तादांना हे कसे कळले? ते समजून घ्यायचे असेल, तर हे इंजिन कोणी आणि कसे तयार केले, ते जाणून घ्यायला हवे. डिझेल हे एका इंधनाचे नाव आहे, असे तुम्हांला वाटत असेल. खरे म्हणजे ते एका माणसाचे नाव आहे. रुडॉल्फ डिझेल हे त्याचे पूर्ण नाव.

रुडॉल्फचा जन्म 18 मार्च 1858 रोजी फ्रान्सची राजधानी पॅरिस येथे झाला. त्याचे आईवडील मूळचे जर्मन होते. वडील थिओडोर हे पुस्तकबांधणीचे काम शिकलेले होते. पॅरिसमध्ये ते चामड्याच्या वस्तू तयार करून विकत. घरची परिस्थिती बेताची होती. तयार झालेला माल गिऱ्हाइकांकडे पोचवण्याचे काम लहानग्या रुडॉल्फलाही करावे लागे. फावला वेळ मिळाला की तो घराजवळच्या यंत्रांच्या संग्रहालयात जाई. तेथे वाफेवर चालणारी जुनी गाडी होती, तऱ्हेतऱ्हेची यंत्रे होती. ती यंत्रे तो तासन्‌तास पाहत राही आणि त्यांची चित्रे काढी.

1870 साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध सुरू झाले. प्रशिया हे तेव्हाचे एक जर्मन राज्य होते. त्यामुळे पॅरिसमध्ये राहणाऱ्या जर्मन लोकांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब इंग्लंडला, लंडन शहरात गेले. तेथे पोट भरणे कठीण झाले. म्हणून आईवडिलांनी बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीतील आउग्सबुर्ग या गावी नातेवाइकांकडे पाठवून दिले. काका शाळेत गणित शिकवत. त्यांच्याच शाळेत रुडॉल्फ शिकू लागला.

मित्रांनो, तुम्ही घरी आणि शाळेत एक भाषा बोलता आणि मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकता. रुडॉल्फचेही असेच होते. पॅरिसमध्ये वाढल्यामुळे त्याला फ्रेंच चांगली येत होती. पण आता सारे शिक्षण जर्मन भाषेतून घ्यायचे होते. आईवडील दूर, गाव नवे आणि शाळेची भाषाही वेगळी. तरी तो डगमगला नाही. चौदा वर्षांचा असताना त्याने आईवडिलांना पत्र लिहून आपण इंजिनिअर होणार असल्याचे कळवले. 1873 साली तो शाळेत पहिला आला. पुढे दोन वर्षांनी त्याला म्यूनिक येथील तंत्रशिक्षण संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली. मोठेपणी तो जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत सहज व्यवहार करू लागला.

म्यूनिकला कार्ल फोन लिंडे हे त्याचे प्राध्यापक होते. थंडावा निर्माण करणाऱ्या यंत्रांचा शोध लावणारे म्हणून लिंडे यांचे नाव प्रसिद्ध आहे. एकदा वर्गात लिंडे वाफेच्या इंजिनाविषयी शिकवत होते. कोळसा जाळून जेवढी उष्णता मिळते, तिचा दहावा हिस्साही इंजिन कामी लावत नाही. बाकीची उष्णता वाया जाते, असे त्यांनी सांगितले. हे ऐकून रुडॉल्फ अस्वस्थ झाला. शंभर रुपयांचा कोळसा आणायचा आणि त्यातल्या नव्वद रुपयांचा धूर करायचा, असाच हा प्रकार होता. ही उधळपट्टी थांबवता येईल का, असा विचार त्याच्या मनात आला. त्याने वहीच्या समासात त्याची नोंद करून ठेवली. तेथून पुढे जवळजवळ वीस वर्षे तो या एकाच प्रश्नाच्या मागे लागला.

1879 साली शेवटच्या परीक्षेच्या वेळी तो विषमज्वराने आजारी पडला. त्याची परीक्षा हुकली. पुढची परीक्षा होईपर्यंत तो रिकामा बसला नाही. स्वित्झर्लंडमधील एका यंत्रकारखान्यात जाऊन त्याने हाताने काम करण्याचा अनुभव घेतला. 1880 च्या जानेवारीत तो उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला. त्यानंतर त्याने लिंडे यांच्या बर्फ तयार करण्याच्या व्यवसायात पॅरिसला नोकरी धरली. 1883 साली मार्था या मुलीशी त्याचा विवाह झाला. त्यांना तीन मुले झाली. 1890 साली हे कुटुंब बर्लिनला राहायला गेले.

नोकरी चांगली होती. पण वहीच्या समासातला तो प्रश्न रुडॉल्फला स्वस्थ बसू देत नव्हता. त्यामागे आणखी एक कारण होते. त्या काळी वाफेचे मोठे इंजिन फक्त श्रीमंत कारखानदारालाच परवडत असे. सुतार, लोहार, विणकर अशा लहान कारागिरांजवळ यंत्राचे बळ नव्हते. मोठ्या कारखान्यांसमोर त्यांचे धंदे बसत चालले होते. कमी खर्चात चालणारे इंजिन मिळाले, तर लहान कारागीरही आपल्या पायांवर उभा राहील, असे रुडॉल्फला वाटे. चामड्याचे काम करणाऱ्या गरीब बापाचा तो मुलगा होता. कारागिराची ओढाताण त्याने घरातच पाहिली होती.

आता त्याची कल्पना काय होती, ते पाहू. तुम्ही सायकलच्या चाकात हवा भरली असेल. जोराने पंप मारल्यावर पंपाला खालच्या बाजूला हात लावून पाहा. तो गरम झालेला असतो. हवा दाबली की ती तापते, हा निसर्गाचा नियम आहे. हीच हवा मूळच्या विसाव्या हिश्श्याएवढ्या जागेत एका झटक्यात दाबली, तर ती 500 अंश सेल्सिअसपेक्षाही जास्त तापते. अशा तापलेल्या हवेत इंधनाचा बारीक फवारा सोडला, तर काडी न लावता, ठिणगी न पाडता ते आपोआप पेट घेईल. पेटलेल्या वायूच्या जोराने सिलिंडरमधला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खाली ढकलला जाईल. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग लागतो. या इंजिनाला तो लागणार नव्हता.

म्हणजे या इंजिनाला तीन गोष्टी हव्या होत्या. पहिली, हवेवर पुरेसा दाब. दुसरी, इंधनाचा बारीक आणि मोजका फवारा. तिसरी, अचूक वेळ. मित्रांनो, या तीन गोष्टी नीट लक्षात ठेवा. पाठाच्या शेवटी आपल्याला त्या पुन्हा लागणार आहेत.

1892 साली रुडॉल्फने आपल्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. 1893 साली ते त्याला मिळाले. त्याच वर्षी त्याने आपल्या इंजिनाविषयी एक पुस्तकही प्रसिद्ध केले. अनेक तज्ज्ञांनी हे जमणार नाही असे ठरवून टाकले. पण आउग्सबुर्गच्या यंत्रकारखान्याचे प्रमुख हाइनरिश फोन बुत्स यांनी त्याला प्रयोगासाठी जागा, माणसे आणि साधने दिली. क्रुप या प्रसिद्ध कंपनीनेही पैशाची मदत केली. ज्या गावी बारा वर्षांचा रुडॉल्फ एकटा शिकायला आला होता, त्याच गावी तो आता नवे इंजिन घडवण्यासाठी परत आला.

10 ऑगस्ट 1893 रोजी पहिल्या इंजिनात प्रथमच इंधन सोडण्यात आले. इंधनाने पेट घेतला. पण इतक्या जोराने की दाब मोजणारे उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. रुडॉल्फ आणि त्याचा सोबती थोडक्यात बचावले. इंजिन स्वतःच्या बळावर चालले नाही. दुसरा एखादा माणूस निराश झाला असता. रुडॉल्फला मात्र त्यातूनच एक गोष्ट समजली. नुसत्या दाबाने तापलेल्या हवेत इंधन पेटते, हे आता सिद्ध झाले होते. कल्पना खरी होती, दोष यंत्रात होता. आणि यंत्रातला दोष शोधता येतो.

मग त्याने एकेक दोष शोधायला सुरुवात केली. दाब कोठून गळतो? झडप घट्ट बसते का? इंधन जास्त जाते की कमी? ते लवकर जाते की उशिरा? एका वेळी एकच बदल करायचा, इंजिन चालवून पाहायचे आणि काय झाले ते लिहून ठेवायचे, अशी त्याची पद्धत होती. एकदम चार गोष्टी बदलल्या, तर फरक कशामुळे पडला हे कळत नाही. पुढे 1913 साली त्याने आपल्या इंजिनाच्या जन्माची हकीकत पुस्तकरूपाने लिहिली. तिच्यात त्याने आपले फसलेले प्रयोगही सांगितले आहेत. आपल्या मूळ कल्पनेतला काही भागही त्याला सोडून द्यावा लागला. सुरुवातीला त्याने फार प्रचंड दाबाचा विचार केला होता. तो प्रत्यक्षात पेलणार नाही असे दिसताच त्याने हट्ट धरला नाही.

17 फेब्रुवारी 1894 हा दिवस उजाडला. सुधारलेले इंजिन बाहेरच्या पट्ट्याने फिरवले जात होते. अचानक इंजिनानेच पट्ट्याला ओढ दिली. ते स्वतःच्या बळावर फिरू लागले होते! जवळ उभ्या असलेल्या कामगाराच्या हे प्रथम लक्षात आले आणि त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली, असे सांगतात. इंजिन सुमारे एक मिनिट चालले. त्या मिनिटात त्याने 88 फेरे घेतले. त्याच्यावर कसलेही ओझे नव्हते. उभ्या गाडीचे इंजिन जसे रिकामे चालते, तसेच ते चालले. गॅरेजवाले ज्याला आयडलिंग म्हणतात, ते हेच. जगातल्या डिझेल इंजिनाचे पहिले आयडलिंग होते फक्त एका मिनिटाचे!

त्यानंतरही तीन वर्षे मेहनत चालूच होती. अखेर 17 फेब्रुवारी 1897 रोजी म्यूनिकचे प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी नव्या इंजिनाची रीतसर चाचणी घेतली. ते सुमारे 20 अश्वशक्तीचे होते. इंधनातल्या उष्णतेपैकी 26 टक्क्यांहून थोडी जास्त उष्णता त्याने कामात आणली. वाफेच्या इंजिनांच्या मानाने ही मोठीच झेप होती. हे इंजिन आजही म्यूनिकच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. या इंजिनाला काय नाव द्यावे, असा प्रश्न पडला, तेव्हा रुडॉल्फचेच नाव द्यावे असे त्याच्या पत्नीने सुचवले, असे सांगितले जाते.

आता पैसा आणि कीर्ती दोन्ही चालून आली. देशोदेशीच्या कंपन्यांनी हे इंजिन बनवण्याचे हक्क विकत घेतले. अमेरिकेतील हक्कांसाठी दहा लाख मार्क मिळाले. 1900 साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्या प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. ज्या शहरातून लहानपणी त्याला बाहेर पडावे लागले होते, त्याच शहरात त्याचा असा गौरव झाला. पुढे हे इंजिन जहाजांत बसू लागले. 1912 साली डेन्मार्कमध्ये तयार झालेले सेलांदिया हे डिझेल इंजिनाचे जहाज महासागरातून दूरच्या प्रवासाला निघाले.

पण सारेच सुरळीत झाले नाही. प्रयोगशाळेत निष्णात माणसांच्या हाताखाली चालणारे इंजिन कारखान्यात गेले की रुसून बसे. जर्मनीतील केम्पटेन गावच्या आगकाड्यांच्या कारखान्यात 1898 साली बसवलेल्या इंजिनाने असाच त्रास दिला. कधी इंधन फवारणारे तोंड तुंबे, कधी हवेचा पंप बिघडे. विकलेल्या इंजिनांबद्दल तक्रारी येऊ लागल्या. इमानुएल लाउस्टर यांच्यासारख्या हुशार इंजिनिअरांनी चिकाटीने त्यात सुधारणा केल्या, तेव्हा कोठे इंजिन भरवशाचे झाले. याच काळात सततचे काम, पेटंटचे वाद आणि काळजी यांमुळे रुडॉल्फची प्रकृती ढासळली. त्याला काही महिने म्यूनिकच्या आरोग्यधामात राहावे लागले.

1903 साली त्याने कामगारांनी एकमेकांच्या मदतीने आपले कारखाने कसे चालवावेत, याविषयी एक पुस्तक लिहिले. त्याला वाटले होते, लोक ते उचलून धरतील. पण ते फारसे कोणी वाचलेच नाही. लहान कारागिराला बळ देण्याचे स्वप्नही अपुरे राहिले. कारण त्या वेळचे डिझेल इंजिन फार मोठे आणि जड होते. ते लहान दुकानात नव्हे, तर मोठ्या कारखान्यांत आणि जहाजांतच बसत असे.

पैशाच्या बाबतीतही रुडॉल्फचे गणित चुकले. यंत्रातला बारीक दोष शोधणारा हा माणूस व्यवहारात मात्र फसत गेला. त्याने म्यूनिकमध्ये मोठा वाडा बांधला. जमिनींत आणि तेलाच्या विहिरींत पैसे गुंतवले आणि ते बुडाले. कर्ज वाढत गेले. तरी वरून सारे काही ठीक दिसत होते.

29 सप्टेंबर 1913 रोजी तो बेल्जियममधील अँटवर्प बंदरातून ड्रेस्डेन नावाच्या जहाजाने इंग्लंडला निघाला. रात्री सोबत्यांबरोबर जेवण झाले. सकाळी सव्वासहाला उठवावे असे सांगून दहाच्या सुमारास तो आपल्या खोलीत गेला. सकाळी खोली रिकामी होती. बिछान्यावर कोणी झोपल्याची खूण नव्हती. त्याची टोपी आणि कोट जहाजाच्या कठड्याजवळ सापडले. सुमारे दहा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक मृतदेह आढळला. त्याच्या खिशातील वस्तू आपल्या वडिलांच्याच आहेत, हे त्याच्या मुलाने ओळखले. रुडॉल्फचा मृत्यू नेमका कसा झाला, याविषयी पुष्कळ तर्क झाले. पण निश्चित उत्तर कोणालाही मिळालेले नाही. कर्जाचा डोंगर किती मोठा होता, हे मात्र त्याच्या मृत्यूनंतर उघड झाले. त्या वेळी तो 55 वर्षांचा होता.

मित्रांनो, येथे क्षणभर थांबा आणि विचार करा. इंजिनात काही बिघडले की ते थरथरते, धूर सोडते, आवाज करते. आपले दुखणे ते लपवत नाही. म्हणून तर ते दुरुस्त करता येते. माणूस मात्र आपली काळजी मनात दाबून ठेवतो आणि चेहरा शांत ठेवतो. तुमच्यावर कधी मोठी काळजी आली, तर ती आईवडिलांना, शिक्षकांना किंवा जवळच्या मित्राला सांगा. सांगण्यात कमीपणा नाही.

रुडॉल्फ गेला, पण त्याचे काम थांबले नाही. 1923-24 च्या सुमारास जर्मनीत डिझेल इंजिनाचे पहिले ट्रक तयार झाले. 1927 साली रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात इंधन फवारणारे लहान पंप मोठ्या संख्येने तयार होऊ लागले. पूर्वी इंधन फवारण्यासाठी दाबलेल्या हवेचे मोठे साधन लागे. त्याची आता गरज उरली नाही. इंजिन हलके आणि लहान झाले. आपल्या महाराष्ट्रात पुण्याला 1946 साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली. तिची लहान डिझेल इंजिने शेतकऱ्यांच्या विहिरींवर पाणी उपसू लागली. लहान माणसाच्या हाती इंजिन यावे, ही रुडॉल्फची इच्छा अशी पूर्ण झाली.

आता आपण गॅरेजसमोरच्या त्या पिकअपकडे परत जाऊ. तिच्या इंजिनात चार सिलिंडर आहेत. उभ्या गाडीत ते एका मिनिटाला सातशे-आठशे फेरे घेते. त्या वेळी प्रत्येक सिलिंडरला दर खेपेला एका थेंबाच्याही लहानशा अंशाएवढे डिझेल मिळते. चौघांनाही सारखे मिळाले, तर चौघे सारखा जोर लावतात. एकाने जोर लावला नाही, तर खाटेच्या चार खांदेकऱ्यांपैकी एकाने हात सोडावा तसे होते आणि इंजिन झटके खाते. वेग वाढला की जड फ्लायव्हील हे झटके झाकून टाकते. म्हणूनच ॲक्सिलरेटर दाबल्यावर थरथर कमी झालेली दिसली. दोष मात्र गेलेला नसतो.

चांगला कारीगर लगेच इंजिन खोलत नाही. तो आधी विचारतो आणि पाहतो. थरथर फक्त सकाळी थंड इंजिनातच होते का? तसे असेल, तर इंजिन सुरू करताना सिलिंडरमधील हवा तापवणारा हीटर प्लग जळालेला असू शकतो. इंजिनाखालचे रबर फाटले आहे का? ते फाटले असेल, तर इंजिन ठीक असूनही सारी गाडी हलते. आयडलिंग फार कमी ठेवले आहे का? धूर कोणत्या रंगाचा आहे? पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडते आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी आहे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळते आहे.

यानंतर तो इंधनाची वाट तपासतो. फिल्टर तुंबला आहे का? डिझेलमध्ये पाणी आले आहे का? नळीच्या सांध्यातून हवा आत शिरते का? डिझेलबरोबर हवेचे बुडबुडे गेले की फवारा तुटतो. अशा वेळी हातपंप मारून एअर काढावी लागते. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते आणि गिऱ्हाइकाचा मोठा खर्च वाचतो.

एवढे करूनही थरथर थांबली नाही, तर तो एकेका नळीचा नट सैल करून पाहतो. नट सैल केला की त्या सिलिंडरचे डिझेल बंद होते. सिलिंडर काम करत असेल, तर इंजिनाचा आवाज लगेच बदलतो. जो सिलिंडर आधीच आळशी होऊन बसला आहे, त्याचे डिझेल बंद केले तरी काही फरक पडत नाही. उस्तादांनी तिसऱ्या नळीपाशी मान हलवली, ती याच कारणासाठी.

पण त्या सिलिंडरमध्ये नेमके काय बिघडले आहे? उस्ताद तिसऱ्या सिलिंडरचे नोझल काढून दुसऱ्यात बसवतात आणि दुसऱ्याचे तिसऱ्यात. दोष नोझलबरोबर दुसऱ्या सिलिंडरमध्ये गेला, तर नोझल खराब. दोष तिसऱ्यातच राहिला, तर तेथे कॉम्प्रेशनचे मीटर लावून दाब मोजतात. दाब कमी भरला, तर झडप नीट बसत नाही किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. दाबही ठीक असेल, तर फ्युएल पंप आणि त्याचे टायमिंग तपासतात. दाब, फवारा आणि वेळ! रुडॉल्फच्या त्याच तीन गोष्टी येथे पुन्हा आल्या, हे तुमच्या ध्यानात आले का?

एक सूचना मात्र पाळा. हे काम जाणत्या कारागिराचे आहे. नोझलमधून डिझेल इतक्या दाबाने येते की त्याचा फवारा कातडीतून आत शिरतो. नव्या पद्धतीच्या डिझेल गाड्यांत तर हा दाब कितीतरी पट जास्त असतो. त्यांच्या नळ्यांचे नट चालू इंजिनात कधीही सैल करत नाहीत. तुम्ही दुरून पाहा, ऐका आणि विचारा.

पुढच्या वेळी एखादी जुनी डिझेल गाडी थरथरताना दिसली, तर घाईने तिला भंगार म्हणू नका. थोडा वेळ थांबा. काळ्या पडलेल्या हातांनी एकेक नळी तपासणारे उस्ताद पाहा. एका वेळी एकच गोष्ट तपासायची आणि खरे कारण सापडेपर्यंत थांबायचे नाही, ही रीत रुडॉल्फ डिझेलने आउग्सबुर्गच्या कारखान्यात चार वर्षे पाळली. तुमच्या मोहल्ल्यातल्या गॅरेजमध्ये ती रोज पाळली जाते.

शब्दार्थ
बेताची – जेमतेम, फार चांगली नसलेली. समास – वहीच्या पानाची कडेची मोकळी जागा. विषमज्वर – टायफॉइड. दट्ट्या – पिस्टन. झडप – व्हॉल्व्ह. निष्णात – तरबेज. तर्क – अंदाज. कठडा – जहाजाच्या कडेचा आडोसा.

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रुडॉल्फला आउग्सबुर्गला का पाठवले? (आ) वर्गात काय ऐकून रुडॉल्फ अस्वस्थ झाला? (इ) 17 फेब्रुवारी 1894 रोजी काय घडले?
2. कारणे लिहा.
(अ) डिझेल इंजिनाला ठिणगी पाडणारा प्लग लागत नाही. (आ) ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडीची थरथर कमी होते. (इ) एका वेळी एकच बदल करावा.
3. वाक्यांत उपयोग करा : थोडक्यात बचावणे, पायांवर उभे राहणे, हट्ट धरणे.
4. तुमच्या वस्तीतील एखाद्या कारागिराला भेटा. तो दोष कसा शोधतो ते विचारा आणि दहा ओळी लिहा.